दुखते कोपर, मग पट्टा हातावर का?

वसमत-हिंगोलीकडे हळद काढणी सुरू झाली की दिवसभर कुदळ धरणाऱ्यांच्या कोपराची बाहेरची बाजू ठणकू लागते. चहाचा कप उचलतानाही कळ येते. हाच तो 'टेनिस एल्बो'. सचिन तेंडुलकरला 2004 मध्ये त्याने गाठले, मे 2005 मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली. बहुतेकांवर मात्र ती वेळ येत नाही.

मेडिकलमध्ये सहसा कोपरावर चढवायचा लवचिक मोजा हाती पडतो. माझ्या मते हा खर्च वाया जातो. त्यातून ऊब मिळते, फारसे आणखी काही नाही. मनगट वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला कंडरेने जोडलेले असतात. मूठ आवळली की ताण तिथे येतो. म्हणून काम करताना अरुंद पट्टा हवा, तोही दुखऱ्या जागेवर नव्हे, तर दोन-तीन बोटे खाली, स्नायूच्या फुगवट्यावर. दुकानातच बांधून मूठ आवळून पाहा. कळ कमी झाली नाही तर परत करा. बोटांना मुंग्या आल्या तर सैल करा, झोपताना काढाच.

मनगट सरळ धरून ठेवणारा सपोर्ट विश्रांतीच्या वेळी उपयोगी. कुदळीच्या कामात तो अडतो.

काढणीत 'आराम करा' सांगणे सोपे, पण रोजंदारी बुडते. पट्टा त्या दिवसांपुरता. दुखणे हटते ते फिजिओथेरपिस्टने शिकवलेल्या व्यायामाने, आणि त्याला काही आठवडे लागतात. बोटे बधिर झाली, कोपर सुजले किंवा पडल्यानंतर दुखू लागले, तर पट्टा न घेता थेट डॉक्टरांना दाखवा.