नोकरीच्या हमीचा धंदा बंद करा!

चेन्नईच्या राजीव गांधी सालईवर आय.टी. कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. त्यांत शिरण्याचे स्वप्न विकणारे कोडिंगचे क्लास शहरभर फोफावले आहेत. सहा महिन्यांत प्रोग्रॅमर व्हा, शंभर टक्के नोकरी, फी हप्त्याने! पदवी घेऊन बेकार बसलेला कष्टकऱ्याचा मुलगा याला भुलतो, कारण त्याच्यापुढे दुसरा मार्गच ठेवलेला नाही.

या टक्केवारीचे गणित पाहा. समजा १०० जणांनी फी भरली आणि ६० मध्येच गळले. उरलेले ४० तेवढे ‘पात्र’ ठरवले, त्यांतील ३६ जणांना मिळेल ते काम मिळाले. जाहिरातीत ९० टक्के, प्रत्यक्षात ३६! अमेरिकेतील ब्लूमटेक संस्था ८६ टक्क्यांपर्यंत दावा करीत होती. अंतर्गत आकडा ५० टक्क्यांच्या आसपास होता, असा ठपका तेथील सरकारी यंत्रणेने एप्रिल २०२४ मध्ये ठेवला. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. पण तक्रारदार एकटा पडला, तर ती कागदावरच राहतील.

खरा प्रश्न याहून खोल आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याचे तत्त्व साधे आहे : शिकाऊ कामगाराला मालकाने विद्यावेतन द्यावे. आज मात्र शिकणाराच कर्ज काढून पैसे मोजतो आणि मालकाला तयार हात फुकटात मिळतो. प्रशिक्षणाचा खर्च कामगाराच्या खिशातून काढण्याची ही युक्ती आहे.

चांगले क्लासही आहेत, असे कोणी म्हणेल. जरूर असतील. मग त्यांनी हिशोब मांडावा : किती दाखल झाले, किती गळले, किती जणांना कोणते काम, किती पगारावर मिळाले? फी परतीची अट लेखी आहे काय? क्लास बंद पडला तर कर्ज कोणाच्या गळ्यात? उत्तर टाळणाऱ्याला दारात उभे करू नये.

२०१४-१५ मध्ये नोकरकपातीविरुद्ध चेन्नईचे आय.टी. कर्मचारी संघटित झाले. २०१६ मध्ये तामिळनाडू सरकारला त्यांचा युनियनचा हक्क स्पष्टपणे मान्य करावा लागला. तीच संघटना आता क्लासच्या दारापर्यंत गेली पाहिजे. नोकरीआधीच लुटला गेलेला तरुणही कामगारच आहे. त्याची तक्रार ही आपली तक्रार!