दोन टक्के कुणाच्या पदरचे?

मैत्रिणींनो, धारूरमधल्या आमच्या गटाच्या शेवया-पापडांना आता मोबाईलवरून मागणी येते. कार्डाने पैसे भरले की मधली कंपनी शेकडा दोनच्या आसपास कापते. गेल्या बैठकीत प्रश्न निघाला, हा भार गिऱ्हाइकावर घालायचा का?

हिशोब पाहा. २०० रुपयांच्या पुडीमागे ४ रुपये गेले. त्या पुडीत बाईच्या हाती २० रुपये पडत असतील, तर तिच्या मजुरीचा पाचवा हिस्साच गेला!

तरीही पैसे भरताना अचानक जादा शुल्क मागणे मला पटत नाही. डेबिट कार्डाचे शुल्क दुकानदाराने गिऱ्हाइकावर लादू नये, याची काळजी घ्या, असे रिझर्व्ह बँकेने २०१७ सालीच बँकांना बजावले. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचे बँकांचे दुकानदार-शुल्क तर १ जानेवारी २०२० पासून शून्य केले गेले. तो मार्ग गिऱ्हाइकाला आधी दाखवावा.

बाकीचे शुल्क खोका, टपाल यांच्यासारखे किमतीतच धरावे आणि किंमत एकच सांगावी. आपण सगळे खर्च आधी मांडतो; बाईचे श्रम मात्र उरेल त्यात भागवतो. हा क्रम उलटा करू या. वहीत पहिली ओळ मजुरीची लिहू या.