आगाऊ भरलेलें जेवण

मुलांकडे अमेरिकेस गेलेलीं मंडळी नातवंडांसह फ्लोरिडांतील वॉल्ट डिझ्ने वर्ल्ड पाहावयास जातात. तेथें खोलीबरोबर जेवणाचे पैसेहि आगाऊ भरण्याची योजना आहे. 2020 सालीं बंद पडलेली ती 2024 च्या जानेवारींत पुन्हां सुरू झाली. त्या वर्षीं साध्या योजनेस मोठ्या माणसामागें रात्रीं 57.01 डॉलर पडत. त्यांत दोन जेवणें, एक फराळाचा जिन्नस आणि मुक्कामभर भरून घेण्याचा पेला. दहा वर्षांचा नातू येथें मोठाच! चौघे, पांच रात्री: 1140.20 डॉलर.

आतां शाकाहारी आजीचें जेवण समजा 18 डॉलरांचें व फराळ 7 चा; दिवसाचे 43 झाले. उरलेली 14 डॉलरांची तूट पेल्याचें मोल धरूनहि भरून निघत नाहीं. एकवीस वर्षांवरील माणसास जेवणासोबत मद्यहि याच दरांत मिळूं शकतें. जो तें घेत नाहीं त्याचा लाभ तेवढा उणा. एकादशीचें तर विचारूंच नये. न वापरलेलीं जेवणें निघण्याच्या दिवशीं मध्यरात्रीं बुडतात.

एका खोलींतील तीन वर्षांवरील सर्वांनीं योजना घ्यावी लागते. म्हणून आमचें मत असें कीं, आजीआजोबांची खोली निराळी घ्यावयाचीच असेल तर त्यांस योजनेबाहेर ठेवावें.