कागद वाचले, आता वाडे वाचवा

मराठ्यांच्या इतिहासाची साधने मिळाली ती मोठमोठ्या ग्रंथालयांत नव्हे, घराघरांतल्या माळ्यांवर आणि रुमालांत. इतिहासाचार्य राजवाडे यांचा साधनांचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तोही वाईतल्या एका घरी सापडलेल्या पत्रांच्या जोरावर. पुढे १९१० मध्ये त्यांनी आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले. राजवाड्यांच्या पश्चात धुळ्यात त्यांच्या नावाचे मंडळ उभे राहिले. या मंडळींनी दारोदार फिरून, विनवण्या करून कागद वाचवले. हे ऋण फिटणारे नाही.

पण ज्या वाड्यांनी ते कागद दीडदोनशे वर्षे सांभाळले, ते वाडे मात्र आपण वाऱ्यावर सोडले.

वाईजवळच्या मेणवलीचे उदाहरण घ्या. नाना फडणवीसांच्या वाड्यातले दफ्तर इतिहाससंशोधक पारसनीसांनी मिळवले आणि आज ते पुण्यात डेक्कन कॉलेजात नीट जपलेले आहे. कृष्णाकाठचा वाडा मात्र वंशजांच्या जिवावर उभा आहे. चौक, भिंतींवरची चित्रे, खाली घाट, घाटावरच्या देवळाजवळची वसईहून आणलेली घंटा, सगळे अजून जागेवर आहे. सरदार घराण्यांचे असे वाडे गावोगाव आहेत, पण सगळ्यांचे नशीब मेणवलीसारखे नाही.

वाडे पडतात त्याची कारणे ठाऊक आहेत. वाटण्या झाल्या, मुले शहरात गेली. १९४७च्या भाडे कायद्याने भाडी गोठली, तेव्हा मालकाला कौले फिरवणेही परवडेना. पुण्यात १९६१च्या पानशेत पुराने एका दिवसात किती वाडे नेले! तरी मला जास्त दुःख होते ते दुरुस्तीच्या नावाखाली मरणाऱ्या वाड्यांचे.

घरच्यांची इच्छा असते, पैसाही जमतो, आणि भिंतींना सिमेंटचा गिलावा होतो. विटामातीच्या भिंतीत जमिनीतून ओल चढतच असते. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती कोंडून धरते. मग ती भिंतीतून वर सरकते आणि तुळईचे जे टोक भिंतीत रोवलेले आहे तिथे मुरते. सागवानाला बाहेरून काही दिसत नाही, आत मात्र टोक कुजलेले असते. एका पावसाळ्यात कडीपाट खाली येतो आणि लोक म्हणतात, वाडा जुनाच झाला होता.

चुन्याचे काम सबुरीचे आहे. चुनकळी विरवायची, मुरू द्यायची, वाळू आणि विटांची भुकटी घालून चुन्याच्या घाण्यात मळायची, गूळ आणि बेलफळाचे पाणी घालायचे. हे जाणणारे गवंडी अजून आहेत, पण त्यांचा पत्ता वाडेमालकाला कोण देणार? सुरूच्या आकाराचा खांब तळाशी किडला तर तेवढाच भाग कापून नवा जोड देता येतो, हे त्याला कोण सांगणार? सांगणारा भेटत नाही, म्हणून खांब भंगारवाल्याकडे जातो आणि पुढे कुठल्या तरी हॉटेलच्या दर्शनी भागात उभा राहतो.

हे काम गावच्या इतिहास मंडळांनी अंगावर घ्यायला हवे. वाडा विकत घ्या असे मी म्हणत नाही. तेवढा पैसा कुणाकडेच नाही. पण वाड्याचे मोजमाप घेऊन नकाशा करणे, प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढणे, देवघर कुठे, बळद कुठे, खलबते कुठल्या सोप्यावर चालत हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवणे, चुन्याच्या गवंड्यांची आणि सुतारांची यादी बाळगणे, यांतले काय अवघड आहे? पत्रातली मोडी वाचायला जी चिकाटी लागते तीच इथे पुरेल. बखरीतली एखादी मसलत कुठल्या चौकात झाली असेल, तो चौक किती मोठा होता, तिथे उजेड कुठून यायचा, हे वाडाच सांगतो. कागद सांगत नाही. पुढची पिढी मोडी शिकून तो कागद वाचू शकेल, पण पडलेला चौक तिला वाचता येणार नाही.

मंडळांच्या कार्यकारिणीत इतिहासाचे जाणकार असतात. आता एक वास्तुविशारद आणि एक जुना गवंडीही असू द्या. आणि ज्या वाचकांच्या घरी वडिलार्जित वाडा आहे त्यांना माझी विनंती आहे: दुरुस्ती काढाल तेव्हा सिमेंटची पोती उतरण्याआधी गावच्या मंडळाला एकदा घरी बोलवा.