‘नव्वद टक्के यश’ म्हणजे नेमकं काय?

‘ऑपरेशन नव्वद टक्के यशस्वी होतं’ असं डॉक्टर म्हणाले की तुम्ही संमतीपत्रावर सही करता. तेच डॉक्टर ‘शंभरातले दहा दगावतात’ म्हणाले असते तर? हात थबकला असता. वस्तुस्थिती मात्र एकच!

बार्बरा मॅकनील आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली हेच तपासलं. फुप्फुसाचा कर्करोग झालाय अशी कल्पना करा. शस्त्रक्रिया घ्याल की रेडिएशन? शस्त्रक्रियेत शंभरातले १० लगेच दगावणार, पण पाच वर्षांनी ३४ हयात. रेडिएशनमध्ये लगेच कुणीच दगावणार नाही, पण पाच वर्षांनी २२च हयात. हे आकडे ‘किती जगतात’ असे मांडले तेव्हा शस्त्रक्रियेला जास्त पसंती मिळाली. ‘किती मरतात’ म्हटल्यावर रेडिएशनकडे वळणारे वाढले. उत्तर देणाऱ्यांत ४२४ डॉक्टरही होते. तेही फसलेच.

तेव्हा ‘पेशंटला आकडे कळत नाहीत’ ही आमच्या व्यवसायातली लाडकी सबब मला अजिबात मान्य नाही. अर्धाच आकडा सांगून घेतलेली सही ही संमती नव्हे. तुम्ही सरळ विचारा: शंभरातले किती वाचतात, किती जातात? पाच वर्षांनी किती उरतात? काहीच केलं नाही तर काय? डॉक्टर वैतागले तर वैतागू द्या.