आभासी ड्रायव्हर, खरी जबाबदारी

चाकणच्या चौकात ‘ड्रायव्हर’ म्हटले की मालमोटारीचा चालक डोळ्यांसमोर येतो. त्याच परिसरात बनणाऱ्या मोटारींच्या पोटात मात्र निराळ्या जातीचे ड्रायव्हर काम करीत असतात. संगणकाची कार्यप्रणाली आणि तिला जोडलेले यंत्र यांच्यातील दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली म्हणजे ड्रायव्हर. यंत्र प्रत्यक्षात नसताना ते असल्याचा आभास राखणारी ती आभासी ड्रायव्हर. लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, असे नवे आभासी ड्रायव्हर घ्यावेत की नाही, हा वाद वरकरणी मूठभर तज्ज्ञांचा वाटतो. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याने तसे समजून स्वस्थ बसणे परवडणारे नाही.

मोटारीतील इंजिन, ब्रेक, दिवे यांची नियंत्रक एकके ज्या समाईक तारांवरून परस्परांशी बोलतात, ती ‘कॅन’ पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली. लिनक्सवर तिच्यासाठी आरंभी ज्याने त्याने आपापले ड्रायव्हर लिहिले. परिणामी हार्डवेअर बदलले की त्यावर चालणारी आज्ञावलीही बदलावी लागे. फोक्सवॅगनच्या संशोधन विभागाने यावर ‘सॉकेटकॅन’ ही समाईक रचना उभी केली आणि २००८ मध्ये ती कर्नेलच्या २.६.२५ या आवृत्तीत समाविष्ट झाली. तिच्यासोबत ‘व्हीकॅन’ हा आभासी ड्रायव्हरही आला. पुढच्याच वर्षी याच कंपनीचा चाकणचा कारखाना सुरू झाला, हा केवळ योगायोग. परंतु एका मोटार कंपनीने स्वखर्चाने घडविलेले साधन तिच्या स्पर्धकांनाही विनामूल्य उपलब्ध झाले, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. यात धर्मादाय असे काही नाही. जे सर्वांनाच लागते ते एकट्याने सांभाळणे महाग पडते, एवढाच हा हिशेब आहे.

या ड्रायव्हरचा लाभ लहानांना अधिक. भोसरीतील छोट्या उद्योजकाला किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला साध्या संगणकावर, कोणतेही महागडे उपकरण न घेता, मोटारीतील संदेशांची देवाणघेवाण उभी करून आपली आज्ञावली तपासता येते. अर्थात तारेतील बिघाड किंवा संदेशाला लागणारा खरा वेळ त्यात दिसत नाही. अखेरची परीक्षा प्रत्यक्ष यंत्रावरच द्यावी लागते.

मग नव्या आभासी ड्रायव्हरांना विरोध का व्हावा? खऱ्या यंत्रांच्या संख्येला लोखंडाची, तांब्याची, भांडवलाची मर्यादा असते. कल्पनेतल्या यंत्रांना ती नसते. २००८ च्या सुमारास लिनक्समध्ये किमान आठ आभासीकरण प्रणालींना आधार होता आणि एकाच कामासाठी निरनिराळे ड्रायव्हर नांदत होते. हा पसारा आवरण्यासाठी रस्टी रसेल यांनी ‘व्हर्टआयओ’ हा समाईक मार्ग मांडला. शिवाय कर्नेलची अंतर्गत रचना सतत बदलते आणि ती बदलणाऱ्यालाच गाभ्यातील सर्व संबंधित ड्रायव्हर दुरुस्त करावे लागतात. म्हणजे ड्रायव्हर लिहिणारा उद्या निघून गेला, तरी त्याचा देखभालीचा खर्च समाजाच्या माथी कायमचा राहतो. हेच काम गाभ्याबाहेर होणार नाही काय आणि दहा वर्षांनी हे कोण सांभाळणार, हे प्रश्न म्हणूनच आडमुठेपणाचे नसून काटकसरीचे आहेत.

आज हा वाद पुन्हा मोटारीच्या दाराशी आला आहे. अनेक नियंत्रक एककांचे काम एकाच शक्तिमान संगणकाकडे सोपवून त्यात दोन-तीन कार्यप्रणाली शेजारी-शेजारी चालविण्याकडे उद्योगाचा कल आहे. त्या प्रत्येकीला कॅनच्या तारांपर्यंत पोहोचता यावे, यासाठी ‘व्हर्टआयओ-कॅन’ या ड्रायव्हरचा मसुदा २०२२ मध्ये मांडला गेला. आक्षेप आणि दुरुस्त्यांतून त्याच्या आवृत्त्या पुढे काही वर्षे येत राहिल्या. हा विलंब घाईच्या व्यापाराला खुपेल. पण ब्रेकचा संदेश वाहणाऱ्या आज्ञावलीची छाननी झटपट व्हावी, असा आग्रह कोणी धरू नये.

लिनक्सचा परवाना वितरणासोबत मूळ स्रोत देण्यास बांधून घालतो; आपली सुधारणा चारचौघांत नेऊन टीका ऐकण्याची सक्ती तो करीत नाही. त्यामुळे खासगी ड्रायव्हर स्वतःपाशीच ठेवून दर नव्या आवृत्तीबरोबर तो ओढत नेण्याचा मोह होतो. हा मार्ग आज स्वस्त आणि उद्या महाग आहे. या पट्ट्यातील कारखान्यांनी आपल्या अभियंत्यांचे काही तास अशा छाननीसाठी पगारी कामात धरावेत. महाविद्यालयांनीही कर्नेलमध्ये स्वीकारली गेलेली छोटी दुरुस्ती अंतिम वर्षाच्या प्रकल्पाइतकीच मोलाची मानावी. गाव करील ते राव काय करील, असे आपण म्हणतो. परंतु गावाने करावयाचे असेल, तर ग्रामसभेला हजर राहावे लागते. जो तेथे फिरकत नाही, त्याला इतरांनी केलेले नियम पाळण्यावाचून गत्यंतर उरत नाही.