झोळींतून परत आलेली आई

२०२२ च्या ऑगस्टांत स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचीं निशाणें घरोघर लागलीं असतां, मोखाडा तालुक्यांतील एका पाड्यावर एका बाईला अवेळीं कळा सुरू झाल्या. जुळीं बालकें हातचीं गेलीं, आणि अत्यवस्थ मातेला झोळींत घालून निसरड्या वाटेनें रस्त्यापर्यंत आणावें लागलें. वर्तमानपत्रांतून रस्त्याची चर्चा पुष्कळ झाली, व ती योग्यच होती. पण जी बाई अशी रित्या हातांनीं घरीं परतते, तिच्या मनाचें व तिच्या पुढच्या लेकराचें काय, हा प्रश्न कोणी विचारल्याचें आम्हांस आठवत नाहीं.

उलट, ‘या लोकांना मुलांची ओढच कमी, एक गेलें तर दुसरें होतें,’ असे उद्गार पोटभर जेवलेल्या गृहस्थांच्या तोंडून आम्ही ऐकतों. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांत वावर-वांगणी येथें कुपोषणानें इतकीं मुलें दगावलीं कीं साऱ्या राज्यांत गहजब उडाला. त्या घरांतील मातांविषयीं असें बोलणें असत्य तर आहेच, पण क्रूरही आहे. दोन लेकरें पुरलेली आई तिसऱ्यावर जीव लावण्यास कचरली, तर तिची माया आटली असें कोण म्हणेल? ती भ्यालेली असते, इतकेंच.

आईची माया उपजत असते, तिला कांहीं लागत नाहीं, हा आपला जुना समज अर्धाच खरा आहे. क्लाउस व केनेल या अमेरिकन डॉक्टरांनीं १९७२ सालीं अवघ्या २८ बाळंतिणींवरून असें मांडलें कीं, पहिल्या तीन दिवसांत मूल अधिक वेळ जवळ मिळालेल्या आया पुढेंही त्याच्याशीं अधिक लडिवाळपणें वागतात. त्यावर पुष्कळ टीका झाली, आणि पहिला प्रहर चुकला म्हणजे सारें चुकलें असें नाहीं, हेंही कालांतरानें ठरलें. तें ठरलें हें बरेंच झालें. नाहीं तर दुःखी आईच्या माथीं आणखी एक दोष आला असता. परंतु ग्वातेमाला देशांतील रुग्णालयांत त्यांनींच केलेला दुसरा प्रयोग (१९८०) आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. तेथें कळा देणाऱ्या बाईजवळ एक साधी, अनोळखी स्त्री धीर देत बसविली. एकट्या बायांना प्रसूतीस सरासरी १९ तासांहून अधिक लागले. सोबत असलेल्यांस ९ तासही लागले नाहींत. शिवाय या दुसऱ्या बाया प्रसूतीनंतर अधिक जाग्या राहिल्या, बाळाला अधिक कुरवाळूं लागल्या, त्याच्याशीं बोलूं लागल्या.

वारली, कातकरी व कोकणा पाड्यांवर हें काम सुईण करीत आली आहे. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेनंतर बाया रुग्णालयांत येऊं लागल्या, हें इष्टच झालें. सुईणीच्या हातीं रक्तस्राव थांबविण्याचें साधन नसतें. पण म्हणून सुईणीला व सासूला दाराबाहेर कां बसवावें? आंत जी भाषा बोलली जाते ती पोरीला धड समजत नाहीं, आणि जी समजते ती पुष्कळदां खेंकसण्याची असते. प्रसूतीच्या वेळीं आप्त स्त्री जवळ असण्यास केंद्र सरकारनें २०१६ सालींच मान्यता दिली आहे. जेथें ही परवानगी अद्याप कागदावरच असेल, तेथें ती अंमलांत आणण्यास नवी इमारत नको कीं नवा पैसा नको. एक बाकडें आंत सरकवलें कीं झालें.

एवढ्यानें सरकारचें काम झालें. आमच्या वाचकांचें राहतें. दिवाळी उलटली कीं या दोन तालुक्यांतील कुटुंबें भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, आणि त्या भट्ट्यांचे मालक व मुकादम हें पत्र वाचणाऱ्यांतच आहेत. पंधरा दिवसांची बाळंतीण उन्हांत विटा वाहते व बाळ झोळीला टांगलेलें रडत असतें, हें त्यांनीं पाहिलेलें आहे. उचल देतांना शेठजी जोडप्याचे हात मोजतात. त्याच वेळीं बाईला कितवा महिना आहे हें विचारावें, आणि तिचे दोन महिने उचलींतून कापूं नयेत, अशी आमची त्यांस विनंती आहे. हंगाम तोंडावर आला आहे.